उपवासाचं मीठ आणि गोदूताईंचा पाय

मुन्ना साव किराणेवाल्याने गोदूताई सप्र्यांना फसवलं. गोदूताईंनी मला फसवलं. आणि बोल लागला माझ्या शिलाईला. हे आधीच लिहून टाकते, कारण संपादकांनी मला 'तुमच्या व्यवसायातले चार गोड अनुभव' लिहायला सांगितलंय, आणि गोड लिहिता लिहिता माणूस मूळ तक्रार विसरतो. मी विसरणाऱ्यातली नाही.

मी मोजे शिवते. इथे सगळे हसतात, तुम्हीही हसून घ्या. थंडीत घालायचे लोकरी मोजे नव्हेत. ज्यांचे पाय सुजून जड होतात त्यांच्यासाठी घट्ट, दाब देणारे मोजे, एकेका पायाच्या मापाने. ब्रह्मा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान आहे. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक पडदा आणि पडद्यामागे माप घ्यायला खाट. बनारसी बायका मला 'मास्टरनी' म्हणतात, आपल्या मराठी घरांतल्या नुसतं शकू.

लग्न होऊन काशीत आले तेव्हा सासरे याज्ञिकी करायचे आणि नवरा नोकरी शोधायचा. दोन्ही कामांत मोकळा वेळ फार. मी ब्लाउज शिवायला घेतले. पुढे एका इस्पितळातून भाजलेल्या रुग्णांसाठी घट्ट कपडे शिवणारं कोणी आहे का, अशी विचारणा गल्लीत आली. व्रण जाड होऊन वर येऊ नयेत म्हणून तसले कपडे अंगावर ठेवतात. सगळ्या शिंप्यांनी मान हलवली. मी हो म्हटलं, आणि दर ठरवताना आलेल्या माणसाला घाम फोडला. तो जाताना म्हणाला, "दीदी, आप सिलाई करती हैं या वसूली?" मी म्हटलं, "पहले सिलाई देखिए, फिर बोलिए." पुढे तोच माणूस सुजलेल्या हातापायांची गिऱ्हाइकं पाठवायला लागला.

पाय का सुजतो, हे मी गिऱ्हाइकांना समजावते तसंच तुम्हाला सांगते. रक्ताच्या नळ्यांतून थोडं थोडं पाणी कायम बाहेर झिरपत असतं आणि मांसात, कातडीत मुरतं. ते गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणाऱ्या आणखी बारीक नळ्या अंगभर असतात. त्यांना लसीकावाहिन्या म्हणतात. मी त्यांना नाली म्हणते. बनारसच्या गल्लीत राहणाऱ्याला नाली तुंबणं म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. डास चावून अंगात गेलेला जंत या नळ्यांत घर करतो आणि त्या बिघडवतो. त्याला आपण हत्तीपाय म्हणतो, इथे फीलपाँव. औषधाने जंत मरतो, पण बिघडलेली नाली सहसा पहिल्यासारखी होत नाही. मग उरते पायाची रोजची निगा, पट्टी, व्यायाम आणि माझा मोजा. घोट्याशी सगळ्यात घट्ट, वर जाईल तसा सैल, शिवण बाहेरून, म्हणजे कातडीत रुतत नाही. माप सकाळी घ्यायचं, पाय उतरलेला असताना.

माप घेण्याआधी मी अंगठा दाबते. नडगीवर अंगठा दाबून धरायचा आणि उचलायचा. खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला, तर आत पाणी आहे, अजून हलवता येईल असं. खड्डा पडलाच नाही, कातडी जोड्याच्या तळासारखी लागली, तर समजायचं की पाण्याने तिथे कायमचं ठाण मांडलंय, कातडी आतून घट्ट झालीय. तिथे माझी कात्री फारसं काही करू शकत नाही. खड्डा पडला की मला बरं वाटतं. लोकांना हे उलटं वाटतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका मिठाईवाल्याच्या बायकोला पाय दाखवायची इतकी लाज, की तिने मापाला आपल्या बहिणीला पाठवलं. बहीण खाटेवर बसली, पाय काडीसारखे. मी टेप हातात घेऊन बघतच राहिले. ती म्हणाली, "दीदी का पैर इससे तनिक मोटा है. अंदाज़ से बना दीजिए." मी तिला हाकलली, मग मागे धावत जाऊन परत बोलावली आणि तिच्याबरोबर थेट दीदीच्या घरी गेले. दुसरा एक नाववाला. तो मोजा घालून गंगेत उतरायचा, नाव ढकलायचा, आणि मोजा सैल पडला की गंगेची तक्रार घेऊन माझ्याकडे. मी त्याला म्हटलं, गंगेशी तू बोल, कपड्याशी मी बोलते. त्याला घालायला एक आणि वाळायला एक, असे दोन मोजे शिवून दिले. अजून तो मला फुकट पलीकडे नेतो, आणि प्रत्येक वेळी बोलून दाखवतो.

आता गोदूताई. गोदूताई सप्रे म्हणजे आमच्या गल्लीत वेद शिकवणाऱ्या सप्रेगुरुजींच्या पत्नी. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. मी नवी सून होते, माझ्या हातच्या शिवणीवर कोणाचा भरवसा नव्हता, तेव्हा पहिलं कापड टाकणारी बाई हीच. आणि माझ्याशी घासाघीस करून जिंकलेली या गावातली एकुलती एक बाईही हीच. भाव ऐकला की त्या रागवत नाहीत, वाद घालत नाहीत, नुसत्या बसून राहतात. चहा मागतात. मग आणखी बसतात. शेवटी आपणच उतरतो.

त्यांचा उजवा पाय जुना दुखणाईत, नाली बिघडलेला. रोज पहाटे पायऱ्या उतरून गंगेवर जायचं आणि वर यायचं, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी सूज एवढी वाढली की पायऱ्या बंद पडल्या. पुण्याहून मुलाचा, श्रीरंगचा, फोन आला. "दिवाळीला येतोय. तोवर पाय उतरला नाही तर आईला घेऊन जाणार. तिथे एकटी पडली झडली तर बघणार कोण?" मुलगा चांगला आहे, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण फोन ठेवल्यावर गोदूताई मला म्हणाल्या, "शकू, काशीत मरण यावं म्हणून लोक कुठून कुठून येतात, आणि मी मरायला पुण्याला जाऊ? माझा पाय उतरव. काय वाटेल ते कर."

मी त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या माझ्या गिऱ्हाइकांचे पाय पाहतात, तरुण आहेत, बोलायला मऊ. तपासलं, पट्ट्या सांगितल्या आणि म्हणाल्या, "माताजी, नमक बहुत कम करना होगा." गोदूताईंनी जागच्या जागी जाहीर केलं, "बंद." चैत्रातली गोष्ट. आषाढीला चातुर्मास बसला तेव्हा तर त्यांनी देवापुढे पाणी सोडून मीठ न खाण्याचा नेमच धरला. दर खेपेला डॉक्टरबाई विचारायच्या, "नमक छोड़ा?" गोदूताई ताठ मानेने सांगायच्या, "छोड़ दिया, बिटिया."

आणि पाय काही उतरेना. मी मोजा शिवला, सूज त्याला पुरून उरली. उसवला, पुन्हा शिवला. एकादशी झाली की पाय आणखी वर. इतरांचे पाय लग्नसराईत, जेवणावळींनंतर सुजतात. गोदूताईंचा पाय उपवासाला सुजायचा. रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरबाईही बुचकळ्यात. मग राहिलं कोण? मोजा.

गणपतीत आपली सगळी मराठी मंडळी जमतात. आरतीनंतर पानाचं ताट फिरत होतं तेव्हा एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं शकू, गोदूताईंना मोजा शिवलास की पिशवी?" बायका हसल्या. गोदूताईही होत्या. त्या हसल्या नाहीत, पण काही बोलल्याही नाहीत. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी चौकात कापडाच्या घाऊक दुकानदारावर जाऊन कोसळले. "कपड़ा मरा हुआ है तुम्हारा!" तो शपथा घालायला लागला. मी त्याच्याच ताग्यातली पट्टी कापून घेतली, दुकानात आणून खुंटीला लावली आणि खाली लोखंडी इस्त्री टांगली. अशी परीक्षा मी प्रत्येक नव्या कापडाची घेते. सकाळी इस्त्री काढली. पट्टी गपकन आपल्या जागी परत गेली. कापड जिवंत होतं. त्या दुकानदाराची माफी मी मागितली नाही, पण पुढच्या खरेदीत दोनदा कमी भांडले. त्याला कळलं असावं.

मग आली पितृपक्षातली एकादशी. नवा मोजा द्यायला गोदूताईंकडे गेले. पाय गुडघ्यापर्यंत तटतटलेला. घोट्याच्या वर एक पट्टा लालसर, ताणलेला. आणि बाईंचा चेहरा हसरा. "बस. फराळ करून जा. तुझ्यासाठी दाण्याची आमटी वाढवून केलीय." वरीचे तांदूळ, आमटी, काकडीची कोशिंबीर, लिंबाचं उपवासाचं लोणचं. मी पहिला घास घेतला आणि थांबले.

"गोदूताई, आमटीत मीठ किती घातलंत?"

"मीठ? चैत्रापासून या घरात मीठ आलं नाही. नेम आहे माझा."

"मग हे खारट काय लागतंय?"

"सैंधव आहे ते."

"अहो, म्हणजे मीठच ना!"

"जीभ आवर, शकू. एकादशी आहे. मीठ असतं तर उपवासाला चाललं असतं का?"

मी लोणच्याकडे पाहिलं. बोटाने चाटलं. तेही सैंधवाचं.

"रोज हेच खाता?"

"रोजच. आधी फक्त उपवासाला खायची. मीठ बंद झाल्यापासून सगळ्यातच घालते. ते जरा फिकं लागतं म्हणून हात थोडा सढळ ठेवते. आणि मुन्ना म्हणाला की सुजेला ते चांगलंच. पाकिटावर छापलंय. मला परेशान करू नकोस, आमटी निवतेय."

मी ताटावरून उठले नाही. आमटी फार चांगली झाली होती, आणि रागापायी अन्न टाकणारी मी नाही. पण जेवता जेवता बोलले. "तुम्ही मला फसवलंत. डॉक्टरबाईंना फसवलंत. भरल्या गणपतीत माझ्या मोज्याचं नाक कापलं गेलं आणि तुम्ही पान चघळत बसलात!"

"मी एक अक्षर खोटं बोलले असेन तर दाखव," गोदूताई म्हणाल्या. "मीठ सोडलं म्हटलं. सोडलंच."

आणि हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट. बाई खरंच खोटं बोललेली नव्हती. मीठ म्हणजे पाप लागणारं, रोजच्या स्वयंपाकातलं. सैंधव म्हणजे देवाला चालणारं. जे देवाला चालतं ते पायाला चालणार नाही, हे त्यांच्या सात पिढ्यांत कोणी म्हटलं नव्हतं. माझ्याही घरी नाही.

दुसऱ्या दिवशी ई-रिक्षात घालून त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. सगळं ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "ग़लती मेरी भी है," त्या म्हणाल्या, "मैंने सेंधा का नाम ही नहीं लिया. पहाड़ का हो या समुंदर का, माताजी, नमक नमक ही है." मग त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. पूर्वी मानायचे की खाल्लेलं मीठ रक्तात जातं आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, संपलं. आता कळायला लागलंय की कातडीही मीठ साठवून ठेवते. तिथे मीठ वाढलं की तिथल्या पेशी इशारा देतात, लसीकेच्या नव्या नळ्या पालवीसारख्या फुटतात आणि साठलेलं मीठ वाहून न्यायला मदत करतात. पण ज्या पायाच्या नळ्याच बिघडलेल्या, तिथून नेणार कोण? असल्या पायांच्या कातडीत मीठ जास्त सापडतं, आणि मिठाबरोबर पाणीही राहतं. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ असला तरी कातडीतलं मीठ त्यात दिसत नाही. "सगळं अजून आम्हालाही पक्कं ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मीठ सोडल्याने किती उतरेल हे मी लिहून देणार नाही. पण एवढं सैंधव खाऊन उतरणार नाही, हे सांगते."

गोदूताईंनी साडी जरा वर करून पाय बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कातडीचं लोणचं घातलं म्हण की मी."

मी हिंदीत सांगितलं. डॉक्टरबाई हसू दाबत म्हणाल्या, "क़रीब-क़रीब, माताजी."

तिथून मी सरळ मुन्ना सावच्या दुकानावर. मुन्ना लहानपणापासून याच गल्लीतला, गळ्यात तुळशीची माळ, वजनाला चोख. मी गल्लीच्या तोंडापासूनच सुरुवात केली होती, म्हणून पोचेपर्यंत चार माणसं जमली.

"सेंधा सूजन में फ़ायदा करता है, ये तूने कहा था?"

"दीदी, सेंधा तो व्रत का है. भगवान को चढ़ता है. नुक़सान कैसे करेगा?"

"भगवान के पाँव नहीं सूजते, मुन्ना!"

त्याने पाकीट काढून पुढे केलं. वर गुलाबी डोंगराचं चित्र, खाली ठळक अक्षरांत, 'शुद्ध, सात्त्विक. रक्तचाप और सूजन में हितकारी.' "मैंने थोड़े ही लिखा है. छपा हुआ है. मैं तो अम्मा को भी यही देता हूँ, उनका बीपी..." तो बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा पाहून माझा आवाज खाली आला. आयुष्यात फार थोड्या वेळा येतो.

मग आम्ही सौदा केला. मी म्हटलं, सेंधा मागणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, हेही मीठच आहे. तो म्हणाला, "हर किसी को नहीं, दीदी, नवरात्र में दुकान बंद हो जाएगी. जिसका पाँव सूजा दिखे, उसको." मी म्हटलं, पाय साडीत असतो, दिसणार कसा? शेवटी ठरलं ते असं. म्हाताऱ्या माणसांना आणि बीपीची गोळी खाणाऱ्यांना सांगायचं, बाकीच्यांना त्याची मर्जी. एवढा वाईट सौदा मी दुसरा केलेला नाही. पण मुन्ना तो पाळतो. मी अधूनमधून पदराआड उभी राहून ऐकते.

गोदूताईंनी नेम बदलला. आता सैंधवही नाही, पादेलोणही नाही, लोणचं नाही. पहिले काही दिवस त्यांनी मला जेवताना फोन करून शिव्या घातल्या. "हे अन्न आहे का माती? तूच ये आणि गिळ." मी जायची. अळणी आमटी दोघी गिळायचो. लिंबू, आलं, भाजलेलं जिरं, कोथिंबीर, काय काय करून पाहिलं. रोज पट्टी, पाय उंचावर, घोट्याचा व्यायाम. नवरात्र संपेपर्यंत नडगीवर अंगठा दाबला की खड्डा उथळ पडायला लागला, लवकर भरायला लागला. कोजागिरीनंतर मी नवं माप घेतलं. मोजा आत घ्यावा लागला. हातात टेप धरून मी खाटेवर बसूनच राहिले. "काय झालं?" गोदूताईंनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. सुई शोधतेय."

श्रीरंग वसुबारसेला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं घाटावर. पुराचा गाळ पाइपाने धुऊन पायऱ्या नुकत्या मोकळ्या झाल्या होत्या, कडेला अजून चिखल होता. श्रीरंग आईचा हात धरायला गेला. "सोड," त्या म्हणाल्या, "नाहीतर म्हणशील मी उतरवली." एकेक पायरी उतरल्या, पाण्याला हात लावला, तोंडावर पाणी मारलं. वर येताना मध्ये दोनदा थांबल्या, पण बसल्या नाहीत. घरी आल्यावर मुलाने मोजा उतरवला आणि मी शिकवल्याप्रमाणे नडगीवर अंगठा दाबला. आम्ही तिघं त्या खड्ड्याकडे बघत होतो. तो हळूहळू भरला.

"अजून सूज आहे, आई."

"आहे. पण चालते मी. बघितलंस ना?"

श्रीरंगने मोजा उलटसुलट करून बघितला. मग मला म्हणाला, "मावशी, मोजा चांगला शिवलाय हं." भाऊबीज करून तो एकटाच पुण्याला गेला. स्टेशनवरून परत येताना गोदूताईंनी मला चहा पाजला. गणपतीतल्या त्या बाईसमोर मात्र त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. मी वाट बघतेय. मोजा ठीक होता, हे भर मांडवात कोणीतरी म्हणायला हवं.

पण माझी खरी तक्रार ही नाही. गोदूताईंच्या घोट्याच्या वर जो पट्टा त्या एकादशीला लाल दिसला होता, तो आता कडक झालाय. बाकी पाय उतरला, तो उतरत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो बहुधा तसाच राहील. पूर्वी गोदूताई रोज पाण्यापर्यंत जायच्या. आता पौर्णिमेला तेवढ्या जातात, एरवी वरच्या पायरीवर बसून लांबूनच हात जोडतात. चैत्र ते पितृपक्ष पाय नुसता खारवत ठेवला, तो काळ कोण परत देणार? मुन्नाने वाचलेलं सांगितलं. गोदूताईंनी छापलेलं मानलं. देवाने तर कुठेच काही लिहून दिलेलं नव्हतं.

ते पाकीट मी माझ्या दुकानात आरशाशेजारी टाचून ठेवलंय. ज्याने त्यावर 'सूजन में हितकारी' असं छापलं, त्याला माझं सांगणं आहे. ये. ब्रह्मा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत मास्टरनीचं दुकान कोणालाही विचार. मी तुला गोदूताईंकडे नेते. त्या तुला चहा देतील, रागावणार नाहीत, नुसत्या समोर बसून राहतील. त्यांच्या घोट्याच्या वर तुझा अंगठा ठेव आणि अंगातली सगळी ताकद लावून दाब. खड्डा पडला, तर मी भर गल्लीत तुझी माफी मागते. नाही पडला, तर अंगठा तिथेच ठेव आणि उत्तर दे.